डब्यातला शिरा

पत्र

ताई, नमस्कार. मी हडपसरला राहते, मूळ गाव सासवडकडचं. सासऱ्यांपासून घरात माळ आहे. मिस्टर माउलींच्या पालखीबरोबर वारीला जातात. पालखी हडपसरहून जाते त्या दिवशी आमच्या दारात वारकऱ्यांना चहा-पोहे असतात. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा.

मुलाने दीड वर्षापूर्वी पसंतीने लग्न केलं. सून अमरावती जिल्ह्यातली, मगरपट्ट्यात नोकरीला. जात एकच, म्हणून आम्ही लगेच हो म्हटलं. ते लोक महानुभाव आहेत हे कळलं होतं, पण कृष्णाचीच भक्ती करतात म्हटल्यावर फार विचारलं नाही. लग्नानंतर जेजुरीला जोडीने यायला तिने हात जोडून नाही म्हटलं. गणपतीत मोदक वळते, पाहुण्यांचं सगळं करते, पण आरतीला आत निघून जाते. प्रसाद घेत नाही. पांडुरंगाच्या फोटोलाही हात जोडत नाही. श्रीकृष्ण आमचा देव म्हणते. मग आमचा कोण? लग्नात तिच्या आईने ‘आम्ही क्षुद्र देवतांचं करत नाही’ असं बोलून दाखवलं, ते आमच्या माणसांच्या मनात बसलंय. माझी मुलगी तिला तोंडावर मानभावी म्हणते.

आता थोरल्या दिरांनी भावकीची बैठक घेतली. चंपाषष्ठीला दोघांनी जेजुरीला येऊन तळी उचलायची, नाहीतर लग्नकार्यात बोलवायचं नाही, आणि जो त्यांच्याशी संबंध ठेवील त्यालाही नाही. पुतणीच्या लग्नाची पत्रिका आली नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून मुलाला काढलं. तो काहीच बोलत नाही.

सुनेला पाचवा महिना आहे. आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. गणपतीत प्रसादाचा शिरा मी तिच्या डब्यात साधा शिरा म्हणून भरून दिला. बाळाला देवाचं लागेल एवढंच मनात होतं. संध्याकाळी येऊन म्हणाली, आई, शिरा छान झाला होता. तेव्हापासून मला झोप नाही.

तिला समजवायचं कसं? प्रसादाचा एक शेंगदाणा खाल्ल्याने कुणाचा धर्म बुडतो का? आणि नातवंड कुणाचं होणार?

— एक सासू, हडपसर

उत्तर

ताई, नमस्कार.

पत्रात भावकी आहे, जेजुरी आहे, विहीणबाई आहेत. पण झोप उडाली ती शिऱ्याने, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणून मी शिऱ्यापासून सुरू करते.

तुमच्या घरात माळ आहे, तेव्हा तुम्हाला हे लवकर समजेल. समजा, मिस्टर कामानिमित्त कुणाच्या घरी जेवायला बसले. घरच्या बाईने मटणाच्या रश्शातला भात त्यांना ‘साधाच आहे’ म्हणून वाढला. हेतू चांगला होता, पाहुणा उपाशी जाऊ नये एवढाच. मिस्टर जेवले, भात छान होता म्हणाले आणि घरी आले. आठ दिवसांनी त्यांना खरं कळलं. त्या बाईने किती प्रेमाने वाढलं होतं ते तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर येईल का? गळ्यातल्या माळेला हात जाईल आणि वाटेल, माझ्या माळेची हिने काही किंमतच ठेवली नाही.

तुम्ही म्हणाल, मटण कुठे आणि देवाचा प्रसाद कुठे. तुमच्या बाजूने तसंच आहे. तिच्या बाजूने काय आहे ते नीट समजून घ्या, कारण दीड वर्षात तुमच्या घरात ते तिला कुणी विचारलेलं दिसत नाही.

महानुभाव पंथात उपदेश घेतलेला माणूस एका परमेश्वराशी बांधलेला असतो. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधरस्वामी हे त्याचे पाच अवतार, पंचकृष्ण म्हणतात ते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार वेगवेगळे पदार्थ ते मानतात. यातली देवता ही नीट पाहण्यासारखी गोष्ट आहे. तुमचा गणपती खोटा आहे, खंडोबा नाहीच, असं त्यांचं म्हणणं नाही. देवता आहेत, त्या आपापल्या परीने फळही देतात, पण मोक्ष देणं त्यांच्या हातात नाही, एवढंच ते म्हणतात. म्हणून त्यांची पूजा करायची नाही आणि त्यांना दाखवलेला नैवेद्य घ्यायचा नाही. तुमची सून आरतीला आत जाते ती तुमच्या देवाला तोंड फिरवून जात नाही. दिलेल्या शब्दाला ती जागते. एकादशीला ऑफिसच्या पार्टीत तुम्ही ताट बाजूला सारता, तेव्हा समोरच्याचा अपमान करायचा म्हणून सारता का?

शेंगदाण्याचं उत्तर यातच आलं. एक दाणा खाल्ल्याने कुणाचा धर्म बुडत नाही असं आपल्याला वाटत असेल, तर तो न खाल्ल्यानेही आपला बुडायला नको. मग त्या दाण्यासाठी बैठक का बसली?

आता ‘मानभावी’बद्दल. मुलीला हे वाचून दाखवलंत तरी चालेल. हा शब्द आपण सगळेच ढोंगी, वरवर गोड या अर्थाने वापरतो. अग्रलेखात येतो, भांडणात येतो. मीही याच सदरात तो एकदा वापरला होता. एका वाचकाने पत्र पाठवून शांतपणे विचारलं, की हा आमच्या पंथाच्या नावाचा अपभ्रंश आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का. मला ठाऊक होतं. तरी हात थांबला नव्हता. महानुभावचं मानभाव झालं, आणि त्या पंथाबद्दल लोकांच्या मनात जी अढी होती ती सगळी त्या एका शब्दात मुरली. त्या दिवसापासून मी तो लिहीत नाही. तुमची मुलगी भावजयीला तोंडावर हे म्हणते, तेव्हा ती शिवी म्हणून तिचं नावच तिच्या अंगावर फेकत असते. सुनेला याचा अर्थ माहीत नसेल असं समजू नका. तिने तो शाळेपासून ऐकला असेल.

आणि हे लोक कोण, ताई? तुम्ही-मी ज्या भाषेत बोलतोय तिच्यातलं पहिलं मोठं गद्य यांच्या घरचं आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव हिंडून, ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना विचारून गोळा केल्या, तेच लीळाचरित्र. तेराव्या शतकातलं. आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती महदंबा याच पंथातली. त्या काळात चक्रधरांनी बायकांना संन्यासाचा अधिकार दिला, आणि विटाळ बाजूला ठेवून नामस्मरण चालू ठेवायला सांगितलं. आजही पुण्यातल्या कितीतरी शिकलेल्या घरांत पाळी आलेल्या मुलीला देवघरापासून लांब बसवतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. पुढे यांचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिले गेले आणि मठांत बंद राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली, तोवर बाहेरच्या मराठी माणसाला आपल्याच भाषेतलं हे धन वाचता येत नव्हतं. शेजारी राहणारे, एकच भाषा बोलणारे, एकाच कृष्णाचं नाव घेणारे लोक एकमेकांपासून इतके लांब गेले. आज रिद्धपूरला, गोविंदप्रभूंच्या गावी, मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलंय. तुमची सून त्याच जिल्ह्यातली. तिला कधी विचारा त्या गावाबद्दल.

हे वाचून ‘आम्ही वारकरी तसे नाही’ असं तुमच्या मनात आलं असेल. वारकऱ्यांनी स्वतः काय सोसलं ते आठवा. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, त्यामागे कुणी परका नव्हता. त्या बुडवायला लावणारे रामेश्वरभट्ट वाघोलीचे, म्हणजे हडपसरच्या शेजारचेच म्हणायचे. धर्माचं रक्षण करतोय अशीच त्यांची समजूत होती. परंपरा सांगते की पुढे तेच तुकोबांच्या पायाशी आले. तुमच्या घरी तुकोबांची आरती म्हणत असतील. तिच्या शेवटी जे ‘रामेश्वर’ नाव येतं ते त्यांचंच. ज्यांनी छळलं त्यांनीच आरती लिहिली, आणि आपण ती रोज म्हणतो. पुढच्या वेळी म्हणताना त्या नावाशी क्षणभर थांबा. थोरल्या दिरांच्याही तोंडी ती आरती असेल. त्यांनाही थांबायला सांगा.

भावकीचं मात्र वेगळं आहे. तिथे मी तुम्हाला समजुतीने घ्या असं सांगणार नाही.

पुण्याला हा खेळ नवा नाही. ग्रामण्य म्हणत त्याला. १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी कप नुसता बाजूला ठेवला. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली आणि शहर पेटलं. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि १८९२ मध्ये रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपभर चहासाठी! रोटीव्यवहार बंद, बेटीव्यवहार बंद, कार्याला भटजी मिळायचा नाही. आणि हे सगळं आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांशी केलं. तुमच्या दिरांनी तळी पुढे केली आहे, तेव्हा चहाचा कप होता.

तेव्हा कायदा नव्हता, आज आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केला, तो २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एखाद्या नातेवाइकाने रागाने पत्रिका दिली नाही, तर तो गुन्हा होत नाही. पण बैठक घेऊन ‘यांच्याशी कुणी संबंध ठेवायचा नाही, ठेवील त्यालाही बाहेर काढू’ असं ठरवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तुमच्या दिरांनी नेमकं तेच केलेलं दिसतंय. लगेच पोलीस चौकी गाठा असं मी म्हणत नाही. ग्रुपवरचे निरोप पुसू नका, बैठकीला कोण होतं ते तारखेसह लिहून ठेवा आणि एखाद्या चांगल्या वकिलाला एकदा दाखवा. मग मिस्टरांनी थोरल्या भावाकडे एकटं जावं. आरडाओरडा नको. ‘दादा, सून पोटुशी आहे. तिच्या पोटातलं लेकरू आपल्या घरचं आहे. ही बैठक मोडा. आणि हा गुन्हा आहे हे तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगायला आलो.’ एवढं पुरे. माळकरी माणसाने हे बोलण्यात वजन असतं. तुम्ही बोललात तर ‘सुनेच्या नादाला लागली’ म्हणतील, म्हणून हे काम मिस्टरांचं.

जेजुरी सोडू नका. चंपाषष्ठीला तुम्ही आणि मिस्टर जा, तळी उचला, भंडारा उधळा, वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य करा. कुलाचार घराचा असतो, तो तुम्ही दोघं करताच आहात. मुलाला मनापासून यायचं असेल तर तोही येईल. सुनेला हाताला धरून नेलंत, तर खंडोबापुढे जे उभं राहील ते तिचं अंग असेल, मन नसेल. असा नमस्कार घेऊन खंडोबा काय करणार?

तुमच्या मुलाचं मला वाईट वाटतं, आणि रागही येतो. लग्नाआधी त्याला सगळं माहीत असणार. ‘तुला कुणी काही म्हणणार नाही’ असं त्याने तिला सांगितलं असेल, सांगतातच मुलं. मग बहीण तिला तोंडावर बोलते तेव्हा हा मोबाइलमध्ये मान घालून बसतो? घरात दोन श्रद्धा आणायच्या हे त्याने ठरवलं, आणि निभवायच्या बायकांनी. त्याला बाजूला बसवा आणि सांगा, बहिणीशी तू बोलायचंस, आज.

विहीणबाई चुकल्या. ‘क्षुद्र देवता’ हा त्यांच्याकडे बोलण्यातला शब्द असेल, पण दुसऱ्याच्या मांडवात तो उच्चारायचा नसतो. माझा देव मोठा म्हणणं वेगळं, तुझा लहान म्हणणं वेगळं. सुनेला हे तुम्ही सांगू शकता. तिलाही ते लागलंच असेल, आईचं बोलणं तिनेच दीड वर्ष निस्तरलंय. फक्त हे शिऱ्याचं सांगून झाल्यावर सांगा, त्याआधी नाही.

आता शिऱ्याचं. रविवारी सकाळी, मुलगा घरात नसताना, स्वयंपाकघरातच बोला. दोघींच्या हातात काहीतरी काम असू द्या, मटार सोलणं, मेथी निवडणं, म्हणजे एकमेकींकडे सारखं बघावं लागत नाही. ‘गणपतीत मी तुला दिलेला शिरा प्रसादाचा होता. तुला न सांगता दिला. चुकलं माझं.’ इथे थांबा. ‘पण माझा हेतू’ असं पुढे जोडू नका, हेतू तिला आपोआप कळेल. ती रडेल, चिडेल, कदाचित दोन दिवस तुमच्या हातचं जेवणार नाही. जेवू नये तिने. तिच्या जागी मीही नसते जेवले. नकळत खाल्ल्याचा दोष तिला लागतो की नाही हे तुम्ही-मी ठरवायचं नाही. तिला तिच्या गुरूंना विचारायचं असेल तर विचारू द्या, लागलं तर गाडी करून द्या. मात्र हे तिला तुमच्याकडूनच कळायला हवं, कधीतरी भांडणात तुमच्या मुलीच्या तोंडून नको. आणि एकदा सांगितलंत की तुम्ही भरलेल्या डब्याचं झाकण तिला उघडून बघावं लागणार नाही. आत्ता ती बघत नाही, कारण तिचा तुमच्यावर विश्वास आहे. तुमची झोप नेमकी त्याच विश्वासाने घालवली आहे.

सणावारी एवढंच करा: नैवेद्य दाखवायच्या आधी तिच्या वाटणीचं वेगळ्या भांड्यात काढून ठेवा. ‘नैवेद्याआधी कसं काढायचं’ म्हणू नका. लहान मुलाला, मधुमेहाच्या माणसाला आपण आधी वाढतोच, त्याने नैवेद्य उष्टा होत नाही. तिला ते चालेल का हे मात्र तिलाच विचारा, माझ्या भरवशावर राहू नका. तिला तिच्या देवाला उपहार, म्हणजे नैवेद्य, दाखवायचा असेल तर त्यासाठी घरात एक कोपरा द्या, आणि तिथे तुम्ही नमस्कार केलात तर पांडुरंग तुमच्यावर रागावणार नाही. तुमच्या वारीत तर समोर येईल त्याच्या पाया पडायची रीत आहे.

डोहाळजेवण संक्रांतीच्या सुमारास येईल. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पानसुपारी, ओटीत गहू-नारळ, गाणी, सातव्या महिन्याचे लाड. यात कुठल्या देवाचं काय येतं ते तिच्याशी बसून आधी ठरवा आणि तेवढं गाळा. बाकी काही कमी करू नका. विहीणबाईंना चार दिवस आधी बोलवा आणि ‘दंडवत प्रणाम’ म्हणून दारात घ्या. त्यांच्याकडे भेटल्यावर हेच म्हणतात. बघा त्यांच्या चेहऱ्याकडे तेव्हा. भावकीतल्या ज्या बायका येतील त्या येतील. दोन जावा तरी गुपचूप येतातच, आपल्याला ठाऊक आहे.

आणि नातवंड कुणाचं होणार? पत्राच्या शेवटी तुम्ही हे घाईने विचारलंय, पण मला वाटतं पत्र लिहायला बसलात ते यासाठीच. ताई, ते त्याच्या आईबापांचं होणार, आणि कुठला उपदेश घ्यायचा की माळ घालायची हे पुढे ते स्वतः ठरवील. तुमच्या वाट्याला काय येणार ते मात्र तुमच्या हातात आहे. तुमच्या दारावरून दरवर्षी पालखी जाते. ते पोर तुमच्या कडेवर बसून टाळ ऐकेल, वारकऱ्यांच्या हातात चहाचे कप देईल. हे त्याची आई थांबवणार नाही, जर तिला खात्री असेल की आजी तिच्या माघारी बाळाच्या तोंडात काही घालत नाही.

एक शेवटची सूचना, डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले तरच. मिस्टर वारीत फलटणला मुक्कामाला राहिलेले असणार. माउलींची पालखी तिथे थांबते. तेच फलटण चक्रपाणी प्रभूंचं जन्मगाव, महानुभावांचं मोठं क्षेत्र. इतकी वर्षं मिस्टर त्या गावात तंबूत झोपले, आणि सुनेच्या देवाचं मंदिर तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे हे त्यांना बहुधा कुणी सांगितलं नसेल. एका सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन जा. तिने दर्शन घ्यावं, तुम्ही हवं तर बाहेर बसा. येताना मिस्टरांनी तिला पालखीतळ दाखवावा, तंबू कुठे पडतो, पाणी कुठून आणतात, सगळं.

रविवारी काय झालं ते मला कळवा.